अप्पांनी मॅच बघायची नाही

रुद्राप्पा हेब्बाळे यांना क्रिकेट आवडत नव्हतं असं म्हटलं, तर तो क्रिकेटचा उगाच सन्मान होईल. न आवडण्याइतकंही ते त्यांच्या डोक्यात शिरलेलं नव्हतं. माणसं दिवसच्या दिवस टीव्हीसमोर बसून नेमकं बघतात काय, हा अप्पांचा जुना प्रश्न होता, आणि तो ते भेटेल त्याला विचारायचे. नाकातल्या आवाजात, बदकासारखी मान पुढं काढून.

"एक पळत येतोय. एक उभाच हाय. बाकीचे गुडघ्यावर हात ठिऊन वाट बघालेत. मग त्यो टाकतोय, ह्यो सोडून देतोय. झालं. परत त्यो मागं चालत निघाला. आता त्याच्या चालण्यात बघायचं काय असतंय, सांगा मला."

"अप्पा, त्यात थरार असतोय."

"थरार," अप्पा म्हणायचे, आणि डोळे वटारून बघत राहायचे. ते डोळे मिटायचे नाहीत. समोरचाच आधी नजर काढून घ्यायचा.

डोळ्यांचं कारण असं, की अप्पांची अख्खी नोकरी काटा बघण्यात गेली होती. साखर कारखान्यात बॉयलरसमोर त्यांची खुर्ची होती. उसाचं गळीत सुरू झालं की खुर्चीत बसायचं आणि प्रेशरच्या काट्याकडं बघायचं. काटा लाल पट्ट्यात गेला तर ओरडायचं. नोकरी लागली तेव्हा काटा हिरव्यात होता, निवृत्त झाले तेव्हाही हिरव्यातच होता. निरोपाच्या दिवशी शाल घालणाऱ्या साहेबांनी त्यांना "रामाप्पा" म्हटलं आणि अप्पांनी दुरुस्ती केली नाही, कारण दुरुस्ती करायला तोंड उघडेपर्यंत साहेब पुढच्या शालीकडं गेले होते. मागं राहिली ती मान, ते डोळे आणि एक तत्त्वज्ञान.

"बघत बसायचा मी पगार घेतलाय. फुकट काय बघणार न्हाय."

निवृत्तीनंतर अप्पांनी राजारामपुरीत, शिवपार्वती अपार्टमेंटमध्ये तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. दाखवायला आणलं तेव्हा बिल्डरनं स्वतः लिफ्टचं बटण दाबलं होतं, स्वतः दार धरलं होतं. ती लिफ्ट पुढं बंद पडली ती पडलीच. तळमजल्यावर कोचिंग क्लास होता, त्याला लिफ्टचं सोयरसुतक नव्हतं. पहिल्या मजल्यावर बाळासो राहायचा, मार्केट यार्डातला कांद्याचा व्यापारी. तो म्हणाला, "म्हणजे कसं, माझ्या दारापर्यंत लिफ्ट पोचेस्तोवर मी दोनदा घरात जाऊन येतोय, म्हणजे कसं." त्याच्या शेजारचा सम्राट औषध कंपनीत होता आणि जिम करायचा, तो तर एकेक पायरी सोडून चढायचा. दुसऱ्या मजल्यावर चेअरमन हंबीरराव. ते स्वतःविषयी बोलताना कुठल्यातरी तिसऱ्याच मोठ्या माणसाविषयी बोलावं तसं बोलत.

"हंबीरराव जिना चढतोय. जिन्यानं माणूस ताठ राहतोय."

उरलं तिसऱ्या मजल्यावरचं एक घर, आणि त्या घरात अप्पांची बायको महादेवी. महादेवीचे गुडघे लिफ्टच्या आधीच गेले होते. लिफ्ट बंद पडल्यापासून तिनं खालची फरशी बघितली नव्हती. गॅलरीतून दोरीला पिशवी बांधून खाली सोडायची, खालून चिमणाबाई भाजीवाली ओरडायची, "काकी, मेथी ताजी हाय," आणि पिशवी भरून वर यायची. महादेवीला जग वरून दिसायचं. गल्लीतल्या कुणाला टक्कल पडायला लागलंय, हे त्याच्या बायकोच्या आधी तिला कळायचं. तोंडं मात्र कुणाची दिसायची नाहीत.

"ओ, ऐकलासा का," ती अप्पांना म्हणायची. "लिफ्टचं जरा बोला की खाली."

"सांगतो की उद्या."

अप्पा सोसायटीच्या मीटिंगमध्ये सांगायचे. म्हणजे घसा खाकरायचे, मान पुढं काढायचे, आणि त्यांनी "लिफ्ट" यातला "लि" काढला की हंबीरराव चहा सांगायचे.

आता हंबीररावांच्या हॉलचं सांगायला पाहिजे. भिंतीएवढा टीव्ही, त्याच्यासमोर सोफा, सोफ्याच्या बाजूला पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्या. भारताची मॅच असली की इमारतीतली बाप्ये मंडळी तिथं जमायची आणि जमली की कुणी हलायचं नाही. हलायचं नाही म्हणजे खरोखर हलायचं नाही. सम्राटचा डावा पाय टीपॉयवर असताना एकदा तीन चौकार गेले होते, तेव्हापासून तो पाय टीपॉयवरच असायचा, मुंग्या आल्या तरी. बाळासो एकदा लघवीला गेला असताना भागीदारी जमली, तर त्याला बाहेरून कडी घातली होती. ती भागीदारी लांबली. आतून आवाज यायचा, "म्हणजे कसं, आउट झाला का एखादा?" आणि बाहेरून हंबीरराव म्हणायचे, "गप बस. हंबीररावाची विनंती हाय."

असल्या विद्वान मंडळींत अप्पांना बसवलं, ते हंबीररावांच्या बायकोच्या दयेमुळं. त्यांना सगळे आक्का म्हणत. "वर एकटे बसलेत, बोलवा की बिचाऱ्यांना," असं आक्का म्हणाल्या. बिचारे आले. प्लास्टिकच्या खुर्चीत बसले. मान पुढं काढली.

"ह्यो दाढीवाला कोण?" अप्पांनी विचारलं.

दाढीवाला त्रिफळाचीत.

नवा फलंदाज आला. त्यालाही दाढी होती.

"मग ह्यो कोण? ह्यो गेला, त्योच परत आला व्हय?"

तोही गेला. तिसऱ्या वेळी अप्पांनी काही विचारलं नाही, फक्त जांभई द्यायला तोंड उघडलं. पायचीत.

सम्राटनं हळूच मान वळवली. त्याचं बोलणं टीव्हीतल्या समालोचकासारखं असायचं, अर्धं इंग्रजी, अर्धं हिंदी, आणि मध्ये कोल्हापूर उसळून यायचं. "एक विकेट कोइन्सिडन्स. दुसरी, चला, पिच स्लो हाय. पण तिसरी? पॅटर्न हाय हो हा. डाटा बोलतोय, मर्दा."

पुढच्या मॅचला प्रयोग झाला. अप्पांना एका षटकापुरतं आत घेतलं. विकेट. बाहेर काढलं. शतकी भागीदारी. परत आत घेतलं. धावबाद. बाळासो म्हणाला, "म्हणजे कसं, पांढऱ्या पायाचं माणूस." सगळ्यांनी अप्पांच्या पायांकडं बघितलं. भेगा पडल्या म्हणून महादेवीनं त्यांना मोजे घालून पाठवलं होतं, आणि मोजे पांढरे होते. मोजे काढायला लावून परत एकदा बसवलं. विकेट. म्हणजे दोष मोज्यांचा नव्हता.

"अप्पा," हंबीरराव म्हणाले, "राग मानू नका. आजपासून तुम्ही मॅच बघायची न्हाय. इथं न्हाय, घरात न्हाय, कुठंच न्हाय. देशाचा प्रश्न हाय."

आणि अप्पांना खुर्चीसकट बाहेर ठेवलं. खरंच खुर्चीसकट, उठा म्हणायचीही कुणाला घाई नव्हती.

अप्पांना आनंद झाला. ते वर जाऊन महादेवीला म्हणाले, "सुटलो." पण सुटलेल्या माणसाला आपण कशातून सुटलो याची पूर्ण कल्पना असतेच असं नाही. ती अप्पांना पुढच्याच आठवड्यात आली.

जिन्याखाली सावलीची एक जागा होती. तिथं सम्राटची बुलेट असायची आणि अप्पांची जुनी स्कूटर उन्हात. उन्हानं स्कूटरची सीट फाटून आतला स्पंज बाहेर आला होता. अप्पा हंबीररावांच्या दारात गेले. आत मॅच रंगात आलेली.

"सम्राट, ती गाडी जरा बाजूला..."

"अप्पा, मॅच संपू दे," सम्राट मागं न बघता म्हणाला.

"बरं. मग तवर बसतो की." आणि अप्पांनी उंबऱ्याच्या आत एक पाय टाकला.

हॉलमध्ये जे झालं ते अप्पांनी आयुष्यात बघितलं नव्हतं. सगळे एकदम उठले. सम्राटचा टीपॉयवरचा पाय खाली आला, तो बधिर पाय ओढत जिना उतरला, षटक चालू असताना त्यानं बुलेट उन्हात लावली, अप्पांची स्कूटर सावलीत घेतली आणि वर येऊन धापा टाकत हात जोडले. अप्पा जिन्यात उभे होते. अख्ख्या नोकरीत तो काटा एकदाही लाल पट्ट्यात गेला नव्हता, अप्पांना ओरडायची एकदाही संधी मिळाली नव्हती. आता अप्पा स्वतःच काटा झाले होते.

त्या दिवसापासून शिवपार्वतीत एक वाक्य सुरू झालं. अप्पा ते हळू म्हणायचे, नाकातून, मान एका बाजूला कलती करून.

"बघू का मॅच?"

टाकीचं पाणी आधी तिसऱ्या मजल्याला सुटायला लागलं. अप्पांच्या पेपरातली पुरवणी आधी खालच्यांनी वाचून मग परत ठेवायची पद्धत बंद झाली. रविवारी मॅच असली की हंबीररावांकडं सकाळपासून मटणाचा वास सुटायचा, आणि अप्पा माळकरी नसले तरी शाकाहारी होते. त्यांनी दारात जाऊन हवा हुंगली आणि म्हणाले, "वासानं वर झोप लागंना. झोप लागंना म्हटल्यावर माणूस टीव्ही लावणारच की." त्या रविवारी हंबीररावांच्या हॉलमध्ये भारत जिंकला आणि पाहुण्यांनी भेंडीची भाजी खाल्ली. राजारामपुरीत रविवारी भेंडी. बाळासोनं पानाकडं बघून डोळे पुसले असं आक्का सांगत होत्या.

बाळासोची तर दैनाच केली अप्पांनी. कंबरेत चमक भरली होती त्याच्या, पट्टा बांधून फिरत होता. अप्पा भर मॅचमध्ये दारात आले. "बाळासो, गॅसची टाकी आलीय खाली. मला काय उचलत न्हाय."

"अप्पा, कंबर..."

"असू दे मग. बसतो इथंच, तुला बरं वाटेस्तोवर."

बाळासोनं टाकी खांद्यावर घेतली. प्रत्येक मजल्यावर तो "आई गं" म्हणायचा आणि मागनं अप्पा चालत म्हणायचे, "म्हणजे कसं, सावकाश चढ." हुबेहूब बाळासोच्या आवाजात. अप्पांना नक्कल जमते हे त्या दिवशी महादेवीलाही पहिल्यांदा कळलं. ती दारात उभी होती. हसली नाही.

"लिफ्ट असती तर त्याला टाकी उचलाय लागली नसती," ती म्हणाली. "मागा की आता. ऐकतात तुमचं."

"सांगतो की उद्या."

"उद्या उद्या करून सगळं मागितलासा. सावली, पाणी, भेंडी. लिफ्ट तेवढी राहिली."

"एकदम मोठं मागितलं की माणसं बिथरतात," अप्पा म्हणाले. "बारकं बारकं मागत जायाचं."

खरं कारण ते नव्हतं. लिफ्ट मिळाली की मागण्यासारखं काही उरणार नव्हतं, आणि मागण्यात आता अप्पांना जेवणापेक्षा जास्त गोडी लागली होती.

मग फायनल आली. परदेशातली फायनल, आपल्याकडं रविवारी सकाळी सुरू होऊन दुपारी संपणारी. आठवडाभर आधी महादेवीनं अप्पांसमोर ताट ठेवलं, त्यात नुसती चटणी.

"भाकरी?"

"लिफ्टचं सांगून या, मग भाकरी. ह्यो सामना झाला की दोन म्हैने मॅच न्हाई. तवा कोण कुत्रं विचारणार न्हाई तुम्हाला."

घरातून हलत नसलेल्या बाईला हे वेळापत्रक कुठून कळलं ते अप्पांना कळलं नाही, पण हिशोब बरोबर होता. ते तसेच खाली उतरले.

हंबीररावांनी लगेच मान्य केलं. इतकं लगेच, की अप्पांना वाईट वाटलं.

"दिली लिफ्ट. हंबीररावाचा शब्द हाय. पण फायनलला तुम्ही ह्या इमारतीत थांबायचं न्हाय. इमारतीत काय, गावात थांबायचं न्हाय."

"मग कुठं जाऊ?"

"जोतिबाला जावा. देवासमोर राहिलासा की आम्हाला पण घोर न्हाय."

देवघरातला नारळ आणला. अप्पांनी त्यावर हात ठेवला. टीव्ही बघणार नाही, मोबाईल बघणार नाही, दुसऱ्याच्या मोबाईलमध्ये डोकावणार नाही. सम्राटनं मध्येच कलम घातलं, "काचेत पडलेलं पण न्हाय." काचेत पडलेलंही बघणार नाही.

"भारत जिंकला की सोमवारी लिफ्टवाला येतोय," हंबीरराव म्हणाले.

"आणि हरला तर?"

"तुम्ही बघितला नसताना हरला, तर मग तुमच्यात कायच न्हाय की अप्पा. साधा माणूस. साध्या माणसासाठी कोण लिफ्ट करतंय?"

हे इतकं सरळ होतं की अप्पांनी मान हलवली. भाकरी मिळाली त्या दिवशी.

रविवारी सकाळी अप्पा एसटीनं जोतिबाच्या डोंगरावर गेले. रविवार जोतिबाचा, त्यामुळं गर्दी होती; पायऱ्यांवर, भिंतींवर, कुत्र्यांच्या अंगावरसुद्धा गुलाल होता. अप्पांनी दर्शन घेतलं, देवाला म्हणाले, "भारत जिंकू दे." आणि म्हटल्यावर स्वतःच दचकले. त्यांनी हे वाक्य आधी कधी उच्चारलं नव्हतं.

बाहेर आले तर प्रत्येक दुकानात मॅच. नारळवाल्याकडं टीव्ही, दवण्याच्या जुड्या विकणाऱ्या बाईकडं मोबाईल, पेढ्याच्या काचेच्या कपाटावर आणखी एक. अप्पांनी टॉवेल डोक्यावरून ओढला, घोड्याला झापड लावतात तसा, आणि भिंतीच्या कडेनं चालायला लागले. एका खांबाला धडकले. एका नवरदेवाच्या पायावर पाय दिला.

"ओ पावणं, इकडं या, बसा," नारळवाला म्हणाला. "मॅच बघा की. लई भारी चाललीय."

"नको, नको. मी बघत न्हाय."

"का ओ?"

"आहे जरा."

"आहे जरा," नारळवाल्यानं शेजाऱ्याला सांगितलं, आणि दोघांनी आपापले गल्ले जवळ ओढून घेतले.

अप्पा दुकानाच्या बाजूच्या ओट्यावर भिंतीकडं तोंड करून बसले. आवाज कानावर येत होते. एक ओरडा झाला. आनंदाचा का दुःखाचा? पुन्हा एक. हा आधीच्यापेक्षा बारीक होता. कुणीतरी म्हणालं, "गेला." काय गेलं? चेंडू सीमेपार गेला का दाढीवाला गेला? प्रत्येक ओरड्याला लिफ्ट वर चाललीय, लिफ्ट खाली चाललीय असं अप्पांना वाटायला लागलं. एकदा "चांगभलं" अशी आरोळी झाली तेव्हा ते हर्षानं उठून उभे राहिले, पण ती पालखीची होती.

अख्खी नोकरी ज्या माणसानं एका न हलणाऱ्या काट्याकडं बघत काढली, त्याला भिंतीकडं बघत पाच मिनिटं निघेनात. आता त्यांना कळत होतं माणसं काय बघतात ते. कुणी सांगितलं असतं आधी, तर आयुष्यभर विचारत फिरले नसते.

आणि मग सगळं शांत झालं. नारळवाला गप्प. दवणावाली गप्प. नारळ फोडायचा कोयता अर्ध्यावर थांबला. कुणीतरी पुटपुटलं, "शेवटची जोडी. दोन रन पाहिजेत फक्त."

ओरडा सोसत होता, ही शांतता सोसेना. अप्पांनी टॉवेलची कड बोटानं एवढीशी उचलली आणि मान वळवली. एक चेंडू. एकच. गोलंदाज पळत आला, आणि त्याचं पळणं अप्पांना इतकं सुंदर वाटलं की ते श्वास घ्यायचे थांबले. दाढीवाल्यानं उचलून मारला. चेंडू वर गेला, वर गेला, डोंगराइतका वर गेला, आणि खाली एका माणसानं गुडघ्यावरचे हात काढून तो झेलला.

नारळवाल्यानं टीव्ही बंद केला. दवणावाली म्हणाली, "मुडदा बशिवला." अप्पांनी टॉवेल परत ओढून घेतला. ओट्यावर सांडलेला गुलाल त्यांनी दोन्ही हातांनी तोंडाला फासला, डोळ्यांना पण. कुणी विचारलं तर डोळ्यांत गुलाल गेला होता, काही दिसत नव्हतं, असं सांगता येईल. पण कुणी विचारलं नाही.

परतीच्या एसटीत अप्पा एकच हिशोब करत होते. बघितलं असं सांगितलं, तर शपथ मोडली; लिफ्ट गेली, पण दरारा राहिला. नाही सांगितलं, तर लिफ्टही गेली आणि दराराही गेला. राजारामपुरीत उतरेपर्यंत ठरलं. सांगायचं. "मी बघितला, म्हणून हरला." उद्यापासून बाळासोला पोतंच उचलायला लावायचं.

लाल तोंड घेऊन अप्पा जिना चढले. हंबीररावांचं दार बंद होतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये, पायरीवर महादेवी बसली होती. भिंतीला हात टेकून, वरच्या पायरीवर बूड सरकवत, उलटी, एकेक पायरी वर चालली होती. ठेवणीतली साडी नेसली होती, तिला मागून धूळ लागली होती.

"तू हितं कशी?"

"आक्का बोलवायला आल्या," ती धापा टाकत म्हणाली. "म्हणाल्या, आता लिफ्ट होणारच, तवर आजचा दिवस खुर्चीवरनं चला. बाळासोनं आणि सम्राटनं खुर्ची धरली. बाळासोच्या कंबरेला पट्टा होता तरी धरली ओ. खिडकीजवळ बसवलं मला."

"मॅच बघाय?"

"बघितली की सगळी." ती आणखी एक पायरी वर सरकली. "मला बाई आवडलं. किती दिवसांनी माणसांची तोंडं समोरनं बघितली. सगळी एकदम हसायची, एकदम गप व्हायची. मी पण टाळ्या वाजवल्या."

"मग?"

"मग हरले. मग सगळी माझ्याकडं बघाय लागली."

खाली न्यायला दोघं होते. वर आणायला कुणी नव्हतं.

हंबीररावांचं दार उघडलं. ते बाहेर आले, मागं सम्राट आणि बाळासो. तिघांनी महादेवीकडं न बघता अप्पांचे हात धरले.

"अप्पा, हंबीरराव माफी मागतोय. उगच तुमच्यावर आळ घेतला आम्ही. तुम्ही डोंगरावर, आणि हरलो हितं. तुमच्यात काय नव्हतंच. घरातलं दुसरंच पांढऱ्या पायाचं निघालं."

"डाटा क्लिअर हाय," सम्राट म्हणाला. "तुम्ही कॅरियर होता फक्त. मोजे कुणी घालून पाठवले होते? काकींनी."

"म्हणजे कसं, मुळात तिथंच होतं," बाळासो म्हणाला.

अप्पांनी तोंड उघडलं. "मी बघितला," हे दोन शब्द जिभेवर होते. महादेवी दोन पायऱ्या वर बसून त्यांच्याकडं बघत होती.

"पुढच्या मॅचला या की अप्पा," हंबीरराव म्हणाले. "सोफ्यावर बसा. हंबीररावाच्या शेजारी."

सोफ्यावर. अप्पांना तो वर जाणारा चेंडू आठवला, आणि त्याच्याखाली थांबलेला श्वास.

"येतो की," ते म्हणाले.

रात्री जेवताना अप्पा भाकरी मोडता मोडता थांबले. "काय गरज होती त्याला उचलून मारायची? दोनच तर रन पाहिजे होते."

महादेवीचा हात ताटातच राहिला. "उचलून मारला, हे तुम्हाला कसं ठाऊक?"

अप्पा चटणी कालवायला लागले.

"बघितलासा व्हय तुम्ही," ती म्हणाली. "डोंगरावर."

अप्पांनी भाकरी पुढं ओढली.

"मग सांगा की खाली जाऊन. माझ्यावरचं तरी जाईल."

"सांगतो की उद्या."

पुढं मीटिंग झाली. हंबीरराव म्हणाले, लिफ्ट केली तर काकी खाली येणार. लिफ्ट नको म्हणणाऱ्यांनी हात वर करा. सगळे हात वर झाले. अप्पांचाही हात वर गेला, पण कानापाशी थांबला आणि कान खाजवायला लागला. मोजताना तो धरला गेला.

आता अप्पा सोफ्यावर बसतात. सगळ्या दाढीवाल्यांची नावं त्यांना पाठ आहेत. बसायची तऱ्हा ठरलेली आहे, मान पुढं, दोन्ही हात गुडघ्यांवर, आणि डोळे मिटायचे नाहीत. "त्यात बघायचं काय असतंय" असं कुणी म्हणालं, तर ते त्याच्याकडं कीव आल्यासारखं बघतात.

मॅचच्या दिवशी महादेवीनं तिसऱ्या मजल्यावर टीव्ही लावायचा नाही, खालचा आवाज ऐकू येईल म्हणून गॅलरीत थांबायचं नाही, असा नियम आहे. परवा ती विसरली. खालून चिमणाबाईनं "काकी, वांगी" अशी हाक मारली आणि तिनं पिशवी सोडली. दोरीला लटकत ती पिशवी हंबीररावांच्या खिडकीसमोर येऊन डोलायला लागली. चेंडू पडायचा होता.

"अप्पा," हंबीरराव पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "ती पिशवी."

अप्पांना उठायचं नव्हतं. उठलं की जागा मोडते. त्यांनी नुसती मान खिडकीकडं लांब केली, डोळे पडद्यावरच.

"महादेवी, वर वढ ती. ओव्हर चालू हाय."

पिशवी जरा थांबली, मग रिकामीच वर गेली, झटक्याझटक्यानं. त्याच चेंडूवर चौकार बसला, आणि सगळ्यांत आधी टाळ्या अप्पांनी वाजवल्या.